अण्णांनी पाहिलेला खंड्या

अण्णांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू अलिबागला काढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा समोर मी उभी होते. अण्णांनी डोळा मिचकावला, पुन्हा उघडला, मला नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले गं?"

डॉक्टर हसले, नर्स हसली, मग मीही हसले. अण्णा मात्र खरोखरच विचारत होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सारा जन्म त्यांनी एसटीची गाडी चालवली, त्यातली बरीच वर्षं घाटातून. डोळ्यांचा त्यांना फार अभिमान. म्हणून मोतीबिंदू वाढत चालला तरी त्यांनी तो कुणाला कळू दिला नाही. पेपर वाचायचा सोडला तेव्हा म्हणाले, हल्ली बातम्यांत राम उरला नाही. भाजीत केस निघाला आणि तो त्यांना दिसला नाही, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

मी मुंबईतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाले, त्याच सुमाराला सासूबाई गेल्या. नवऱ्याची नोकरी अजून शिल्लक होती. अण्णा मुंबईला यायला तयार नव्हते. तेव्हा असं ठरलं की मी बोर्ली पंचतनजवळच्या आमच्या गावी अण्णांसोबत राहायचं आणि नवऱ्यानं शनिवार-रविवार येऊन जायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मे महिन्याची सुट्टी आणि गणपती सोडले तर मी आणि अण्णा एका घरात कधी राहिलोच नव्हतो. "चहा ठेवू?" "ठेव." "जेवायला वाढू?" "वाढ." एवढंच आमचं बोलणं. भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता.

ऑपरेशननंतर आठवडाभर अण्णांना सगळं जग नवं दिसत होतं. "भिंतीला चुना मारलास काय?" "ह्या पातेल्याला इतकी लकाकी कधी आली?" शेजारणीची निळी साडी बघून त्यांनी तिला लग्नाला निघालीस का म्हणून विचारलं. ती आपली मासळी आणायला निघाली होती. धुरापासून, धुळीपासून जपायचं म्हणून मी त्यांना मागच्या पडवीत खुर्ची टाकून दिली होती. काळा चष्मा लावून ते तिथे बसायचे आणि चष्म्याच्या वरून बघायचे.

आमच्या घरामागे टेकडी आहे. न्हाणीघर बांधताना तिची थोडी माती कापली होती, तेव्हापासून तिथे तांबड्या मातीची उभी दरड आहे. बाजूने वहाळ जातो. पावसाळ्यात त्याला चांगलं पाणी असतं आणि दोन्ही काठांना इतकी झाडी माजते की भरदुपारीही तिथे संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं.

एक दिवस मी तांदूळ निवडत पडवीतच बसले होते, तर अण्णा एकदम ताठ झाले.

"आत्ता हितनं काय गेलं?"

"काय गेलं?"

"लाल. न्हाय, लाल न्हाय, शेंदरी. वहाळाकडं गेलं. सूं करून."

"फुलपाखरू असेल, अण्णा."

"फुलपाखरू असं सरळ रेषेत जातं व्हय?"

मी वहाळाकडे पाहिलं. नुसती हिरवी पानं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. कधी शेंदरी, कधी पिवळं, कधी जांभळं. रात्री नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "नवीन लेन्समुळे रंग भडक दिसतात म्हणे सुरुवातीला. ड्रॉप्स घालतेस ना वेळेवर?" मी म्हणाले, "घालते, पण दिवसातून चारदा त्यांना काहीतरी उडताना दिसतं. डॉक्टरांना विचारू का?"

अण्णा आतल्या खोलीत होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण हे नेमकं ऐकू गेलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ते उडणाऱ्या वस्तूबद्दल एक अक्षर बोलेनात. बसायचे तिथेच, बघायचे तिकडेच, पण मी विचारलं की म्हणायचे, "काय न्हाय. भास झाला."

ते मला बरं वाटेना. दोन दिवस तसेच गेले. मग मी ट्रंकेतून रंगपेटी, ब्रश आणि जाड कागद काढले, पडवीत पाट मांडला आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही सांगा, मी काढते."

"काय काढतेस?"

"तुमचा तो उडणारा."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी चेष्टा करत नाही हे पटल्यावर खुर्ची पुढे ओढली.

"आधी आकार. कावळ्याएवढा?"

"छ्या! चिमणीएवढा. तिच्यापेक्षाही बारका. पण चोच बघ, चोच मोठी. अंगाला शोभत न्हाय इतकी."

मी काढलं. "शेपूट?"

"शेपूट असल्यासारखी न्हायच. कापून टाकल्यासारखी."

असा हा चेंडूएवढा पक्षी आणि त्याला ही एवढी चोच. चित्र बघून मलाच हसू आलं. पण अण्णा गंभीर होते. रंगांची वेळ आली तेव्हा तर ते अगदी हट्टाला पेटले. मी चोचीला लाल लावला. "हा न्हाय. कोळंबी उकडल्यावर कशी दिसते? तसा." मी लालात पिवळा मिसळला. "हां." पोट? "हळदीच्या पानात गुंडाळल्यासारखं." पण हळदीचं पान तर हिरवं असतं! "अगं हळद. नुसती हळद. मधी जरा आबोली." पाठ काळी-निळी, "नव्या टायरवर पाणी पडल्यावर चमकतं तशी." आणि डोक्यावर, ते म्हणाले, रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल असते तसली झाक. मी किरमिजीत निळा घालून दाखवला. त्यांनी मान हलवली. पाणी वाढवलं. मान हलवली. शेवटी ओल्या शेंदरी रंगावर जांभळ्याचं नुसतं पाणी सोडलं, तो पसरला आणि अण्णा खुर्चीवरून अर्धे उठले.

"हाच! हाच तो!"

शाळेत एवढी वर्षं मी मुलांना रंग शिकवले. पण न पाहिलेल्या वस्तूचा रंग दुसऱ्याच्या शब्दांवरून काढताना जी मजा आली, ती मला वेगळीच वाटली. आणि आम्ही दोघं सलग दोन तास बोललो होतो, हे चहा गार झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

मला स्वतःला तो खंड्या वाटत होता. आमच्याकडे खंड्या काही नवा नाही. पांढऱ्या छातीचा, तपकिरी डोक्याचा मोठा खंड्या तर विजेच्या तारेवर रोज बसलेला असतो आणि घसा बसल्यासारखा ओरडतो. वहाळावर छोटा निळा खंड्याही येतो. मी तसं म्हणाले, तर अण्णांनी झटकून टाकलं. "तो निळा मला ठाऊक हाय. तो पाण्यावर बसतो आणि त्याची चोच काळी. हा झाडीत बसतो."

चित्राचा फोटो काढून मी माझ्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"कुठे पाहिलास?"

"मी नाही पाहिला. सासऱ्यांनी पाहिला."

"अगं, हा तिबोटी खंड्या आहे. पावसाळ्यात कोकणात पिल्लं काढायला येतो. इतर खंड्यांना पायाला चार बोटं, ह्याला तीनच. खात्री करायची तर बोटं बघ."

मी अण्णांना सांगितलं. ते खूश झाले, पण म्हणाले, "वाऱ्यासारखा जातो तो. बोटं कशी मोजायची? तिकीट काढायला थांबतो थोडाच."

नवऱ्याला फोनवरून कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे डोळा ठीक आहे."

आता मला तो बघायचाच होता. सकाळची कामं उरकून मी अण्णांच्या शेजारी बसू लागले. "तो बघ!" अण्णा म्हणायचे, आणि मी मान वळवेपर्यंत फांदी हलत असायची. एवढंच कळलं, की तो जाण्याआधी एक बारीक, टोकदार शीळ येते. ती शीळ मी किती दिवस ऐकत होते! मला वाटलं होतं न्हाणीघराच्या दाराची बिजागरी कुरकुरते. मी तिला खोबरेल तेलही घातलं होतं.

"तुम्हाला ऐकू येत नाही का, अण्णा? च्यीऽऽ असं?"

"न्हाय. जन्मभर इंजिनाच्या बाजूला बसलेला माणूस मी. बारीक आवाज कधीच गेले."

मग आमची जोडी जमली. शीळ ऐकू आली की मी त्यांच्या हाताला हात लावायची आणि ते बघायचे. त्यांना तो आता बसलेलाही सापडू लागला. मला मात्र "त्या वाकड्या फांदीच्या खाली, पानाच्या मागं" असं कितीही सांगितलं तरी पान आणि फांदीच दिसे.

पहिल्यांदा तो मला दिसला तो असा. सकाळी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. खिडकीच्या काचेवर टप् असा आवाज झाला. कुणीतरी लिंबू फेकून मारलं असं वाटलं. बाहेर जाऊन पाहिलं तर खिडकीखालच्या ओल्या फरशीवर तो पडला होता. माझं चित्र. पोट हळदीचं, चोच कोळंबीची, आणि डोक्यावर ती झाक, जी कागदावर मला निम्मीसुद्धा जमली नव्हती. डोळे मिटलेले.

"अण्णा!" माझा आवाज असा निघाला की ते काठी न घेताच आले.

"मेला?"

"माहीत नाही."

मी त्याला ओंजळीत उचललं. काही वजनच नाही. तळहातावर फक्त ऊब जाणवली आणि त्या उबेत काहीतरी भराभर धडधडत होतं. अण्णा वाकले. पायाची बोटं त्यांनी आपल्या करंगळीच्या टोकानं हळूच उलगडली. पोवळ्यासारखी लाल बोटं. एक, दोन, तीन. चौथं नव्हतंच.

"बाईंना सांग," अण्णा कुजबुजले. "बरोबर हाय."

बाईंनी फोनवर सांगितलं, पाणी पाजू नका, हाताळू नका, अंधारात ठेवा. मी बुटाच्या खोक्यात मऊ फडकं घालून त्याला ठेवलं, झाकणाला भोकं पाडली आणि खोकं पडवीत ठेवलं. अण्णा शेजारी बसून राहिले. भाकरी तव्यावर करपली, तिचा वास सगळ्या घरात भरला, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. बऱ्याच वेळानं खोक्यात खरखर झाली. मी झाकण उचललं. तो फडक्यावर उभा होता, आमच्याकडे बघत डोकं वरखाली हलवत होता. मग खोकं रिकामं झालं. जाताना दिसलासुद्धा नाही, शीळ तेवढी आली.

अण्णांनी डोळे पुसले. "ड्रॉप्सचं पाणी," म्हणाले.

पुन्हा कुणी धडकू नये म्हणून त्याच दिवशी मी उरलेले ड्रॉइंगचे कागद खिडकीच्या काचेला चिकटवले. चिकटवताना अण्णा विचारात पडलेले दिसले.

"त्याच्या चोचीला माती लागली होती. बघितलंस? तांबडी, वाळलेली."

मीही पाहिली होती, पण पडल्यावर लागली असेल असं वाटलं होतं. "फरशीवर माती कुठनं येणार?" अण्णा म्हणाले. आम्ही दोघांनी एकदमच दरडीकडे पाहिलं. न्हाणीघराच्या कोपऱ्याशी, झाडाच्या लोंबणाऱ्या मुळ्यांच्या आड, कमरेएवढ्या उंचीवर एक भोक होतं. माझी मूठही गेली नसती. खाली ताज्या मातीचा छोटासा ढीग. तो चोचीनं घर खणत होता.

आता अडचण उभी राहिली. त्या दरडीला चिऱ्यांची भिंत घालायचं केव्हाच ठरलं होतं. अंगणात चिरे येऊन पडले होते, आणि श्रावणात पावसाची उघडीप मिळाली की काम सुरू करू असं गवंड्यानं सांगितलं होतं. शनिवारी नवरा आला तो गवंड्याला घेऊनच. अण्णा खुर्ची उचलून दरडीसमोर जाऊन बसले.

"आत्ता न्हाय. दसऱ्यानंतर."

"अण्णा, दरड खाली आली तर? न्हाणीघर जाईल. तुम्ही आत असाल तर?" नवरा चिडला नव्हता, घाबरला होता. आमच्या भागात पावसाळ्यात डोंगर खाली येतात, हे काही कुणाला सांगावं लागत नाही. त्याचं चूक नव्हतं.

मी त्याला भोक दाखवलं. त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं. तेवढ्यात मागून शीळ आली. मी बोट केलं, आणि पहिल्याच झटक्यात त्याला तो दिसला. चोचीत माती घेऊन भोकातून पाठमोरा बाहेर आलेला, मग दुसरा आत गेलेला. नर-मादी आळीपाळीनं खणत होती. मला दिसायला इतके दिवस लागले आणि ह्याला आल्या आल्या! नवरा गवंड्याकडे वळला. "भिंतीशिवाय दुसरं काही करता येईल का?"

गवंडी म्हणाला, "वरनं येणारं पाणी तोडा. चर खणा, वर ताडपत्री टाका. माती कडक हाय, दीड-दोन महिने काढेल. पण न्हाणीघर वापरू नका."

रविवारी नवऱ्यानं कुदळ घेतली. इतकी वर्षं ऑफिसात बसलेला माणूस भर पावसात टेकडीवर चढून चर खणत होता आणि अण्णा खालून हाताने गाडी रिव्हर्स घ्यायला लावावी तशा खुणा करत होते. "अजून डावीकडं! बस, बस!" संध्याकाळी नवऱ्याच्या तळव्यांना फोड आले होते. मी हळद लावून दिली. पुढच्या बाजूला पत्रे आणि पडदा लावून अंघोळीची तात्पुरती सोय झाली. ती सगळ्यांना गैरसोयीची होती, पण तक्रार कुणी केली नाही.

ऑगस्टमध्ये एकदा पाऊस असा लागला की वहाळ आमच्या परसाच्या कठड्याला लागला. सकाळी उठून मागे गेले तर दरडीचा एक भाग खाली आला होता. धुण्याचा दगड मातीखाली गेला होता. मी तशीच चिखलातून कोपऱ्यापर्यंत गेले. मुळ्यांनी धरून ठेवलेला तेवढा भाग शाबूत होता. भोकही. पण सगळीकडे गप्प. अण्णा पडवीत उभे, मी चिखलात उभी. मग शीळ आली. मी मागे वळून हात वर केला. अण्णांना आवाज आला नसणार, पण माझा हात दिसला. ते खुर्चीत बसले.

गणपतीत घर माणसांनी भरलं. दीर, जावा, नणंदा, त्यांची मुलं. अण्णांनी मागचं दार बंद ठेवायचा हुकूम सोडला. ज्याला पक्षी बघायचा त्यानं पडवीत एकेकानं यायचं, बोलायचं नाही, पुढं जायचं नाही. एरवी कुणी ऐकलं नसतं, पण अण्णा दाराशीच बसलेले. भोकात आता पिल्लं होती. आई-बाप दिवसभर खेपा घालत होते. सुरुवातीला कोळी आणि किडे, मग बेडूक, खेकडे, पाली, आणि एकदा तर स्वतःपेक्षा लांब सापसुरळी. ती फांदीवर दोन्ही बाजूंनी आपटून मऊ करायची, मग तिचं डोकं पुढे येईल अशी चोचीत फिरवून धरायची आणि आत शिरायचं. पिल्लाला डोक्याकडून गिळायला सोपं. धाकट्या जावेनं हे बघितलं आणि आत येऊन म्हणाली, "वहिनी, आपण मुलांना मोदक भरवतो तेही एवढं बघून भरवत नाही." एरवी गणपतीत आम्ही जावा मोदकांच्या कळ्यांवरून बोलतो. त्या वर्षी जेवणाच्या पंगतीत पालीचं बोलणं निघालं आणि कुणाला किळसही आली नाही.

पाहुणे गेले, घर मोकळं झालं. एका सकाळी आई-बाप चोचीत भक्ष्य घेऊन येऊ लागले, पण आत जाईनात. समोरच्या फांदीवर बसून शीळ घालत राहिले. बाईंनी सांगितलं होतं, असं झालं की बघत राहा. भोकाच्या तोंडाशी एक चोच आली. लाल नव्हती, मळकी, टोकाला पांढरी. मग मळकट जांभळं डोकं. त्या पिल्लानं बाहेरचं जग इतका वेळ बघितलं की माझे पाय आखडले. आणि मग ते उडालं. उडालं कसलं, पडलं, पण पडता पडता त्याला पंख असल्याची आठवण झाली आणि ते वहाळापलीकडच्या करवंदीत शिरलं. दुपारपर्यंत बाकीचीही गेली. शेवटच्याच्या वेळी नवरा व्हिडिओ कॉलवर होता. मी फोन दरडीकडे धरला होता. त्याला काय दिसलं देव जाणे, पण तो तिकडे ऑफिसात "गेलं! गेलं!" म्हणून ओरडला.

ऑक्टोबरात वहाळाचं पाणी उतरलं आणि शीळ थांबली. दसऱ्यानंतर भिंत उभी राहिली. बाईंच्या सांगण्यावरून टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, घरापासून लांब, मातीचा एक उभा तुकडा आम्ही तसाच राखला आहे. तिथे कुणी येईल न येईल.

थंडीत अण्णांचा दुसरा डोळाही झाला. अलिबागहून परत येताना आगरदांड्याला फेरीबोट यायला उशीर होता. आम्ही धक्क्यावर बसून चहात बुडवून पाव खात होतो. खाडीतल्या एका खांबावर, ओहोटीच्या चिखलावर नजर लावून, एक मोठा खंड्या बसला होता. काळं डोकं, पांढरा गळा, गडद निळी पाठ, लालभडक चोच. तो खाली झेपावला, खेकडा उचलून पुन्हा खांबावर आला आणि त्याला आपटू लागला.

"हा कोण?" अण्णांनी विचारलं.

"काळ्या डोक्याचा खंड्या असावा. खाडीकाठचा."

"व्हय? बोटं किती?"

"चार असतील."

अण्णांनी पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि पुढे झुकून बघत राहिले. फेरीबोट धक्क्याला लागली, माणसं चढली, गाड्या चढल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"जाऊ दे ही," अण्णा म्हणाले. "दुसरी येईल."

मी आणखी दोन चहा सांगितले.